नोंदवहीतली नावे

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. दुपारच्या स्नानसंस्कारासाठी तीन कुटुंबे आली होती. विधीपूर्वी अर्ज पडताळून पाहण्याची माझी सवय असल्याने मी साक्रिस्तीत बसलो होतो. तोच सत्तरीच्या एक आजी आत आल्या आणि त्यांच्यामागून त्यांची सून, बाळाला खांद्यावर घेऊन. आजी म्हणाल्या, “फादर, तुम्हीच हिला सांगा. माझ्या आईचं नाव क्लारा. पहिली नात झाली तर तिला तुझंच नाव देईन, असा मी आईला शब्द दिला होता. आणि ह्यांनी अर्जावर काय लिहिलंय ते पाहा.” अर्जावर लिहिले होते ‘कियारा’. सून मान खाली घालून उभी होती, परंतु तिच्या उभे राहण्यात माघार नव्हती. “सिनेमातलं नाव आहे, फादर,” आजींनी पुस्ती जोडली.

मी त्यांना काय सांगितले ते पुढे येईलच. पण त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी कपाटातील जुन्या नोंदवह्या काढून बसलो. स्नानसंस्काराची नोंदवही वाचणे हा मोठा विलक्षण अनुभव असतो. शेतात एका हंगामात एकच पीक डोलावे, तशी नावे तिच्यात येतात. काही वर्षे पानापानावर पास्कोल आणि दुमिंग, मग ते विरळ होतात. मग फिलोमिना आणि त्रेझा, मग त्याही दिसेनाशा होतात. मग अचानक सुनील आणि अनिता. आणि प्रत्येक पिढीला वाटत आले आहे की आपली नावे तेवढी खरी ख्रिस्ती, पुढच्यांनी मात्र ताळतंत्र सोडला. मला स्वतःलाही एकेकाळी असेच वाटत होते. त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. तेही सांगणार आहे.

मुळात ‘ख्रिस्ती नाव’ म्हणजे काय? सेमिनरीत असताना माझी समजूत अशी होती की प्रेषितांच्या काळापासून ख्रिस्ती माणसे आपली जुनी नावे टाकून नवी घेत आली. पवित्र शास्त्र उघडले की ही समजूत टिकत नाही. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात ज्या बंधुभगिनींना सलाम पाठवतो त्यांत एक आहे हर्मेस. हे तर ग्रीकांच्या देवदूताचेच नाव. ते पत्र घेऊन जाणारी फिबी. हे चंद्रदेवतेचे एक नाव. फिलिप्पैकरांच्या पत्रातील एपफ्रदीत याच्या नावात अफ्रोदिती ही प्रणयदेवता दडलेली आहे. पौलाने यांपैकी कोणालाही नाव बदलण्यास सांगितल्याचा उल्लेख नाही. ज्यांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले तेही आपल्या आईबापांनी ठेवलेल्या नावांनीच हौतात्म्याला सामोरे गेले.

संतांची नावे ठेवण्याची हौस हळूहळू आली. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस लिहितो की भाविकांच्या मुलांत पौल आणि पेत्र ही नावे पुष्कळ आढळतात. मौज अशी की हे लिहिणाऱ्या बिशपचे स्वतःचे नाव मद्याच्या देवावरून आलेले होते. आपल्याकडच्या सगळ्या डेनिसांचे नाव त्याच मुळातले. ५३३ साली रोममध्ये मर्क्युरियस नावाचे धर्मगुरू पोपपदी निवडले गेले. पेत्राच्या आसनावर रोमन देवाचे नाव बरे दिसणार नाही असे त्यांना वाटले असावे. त्यांनी योहान हे नाव घेतले आणि ते दुसरे योहान झाले. पोपने नाव बदलण्याची प्रथा तेथून सुरू झाली. म्हणजे तोवरची पाच शतके हा प्रश्न कोणाला फारसा पडला नव्हता.

चौथ्या शतकातील अंत्युखियाचे चित्र तर आजच्या वसईसारखे वाटते. संत योहान क्रिसोस्तोम आपल्या प्रवचनांत सांगतात की लोकांचे आपल्या बिशपवर, मेलेतियसवर, इतके प्रेम होते की घरोघरी मुलांना त्याचेच नाव दिले गेले. अंगठ्यांवर, पेल्यांवर, भिंतींवर त्याचे चित्र असे. नटनट्यांची नावे मुलांना ठेवतात म्हणून आपण आज कुरकुरतो. त्या काळी बिशपची ठेवत, एवढाच फरक. तेथेच दुसरी एक रीत होती. बाळाच्या नावासाठी अनेक दिवे लावायचे, प्रत्येक दिव्याला एक नाव द्यायचे, आणि जो दिवा सर्वांत शेवटी विझेल त्याचे नाव बाळाला ठेवायचे, म्हणजे बाळ दीर्घायुषी होते. क्रिसोस्तोम यावर चिडतात. मुलाला उगाच आजोबा-पणजोबांचे नाव न देता एखाद्या संताचे द्या, असेही ते सांगतात. पण ती दिव्यांची रीत वाचताना मला त्या आया दिसतात. ज्या काळात निम्मी बाळे पाळण्यातच जात, तेथे आईने दिव्याकडे डोळे लावून बसण्यात कसला गुन्हा?

नावाचा नियम झाला तो पुष्कळ उशिरा. त्रेंत विश्वपरिषदेनंतर १५६६ मध्ये निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथात सांगितले गेले की बाळाला संताचे नाव द्यावे, म्हणजे त्याला अनुकरणासाठी एक आदर्श आणि प्रार्थनेसाठी एक मध्यस्थ मिळेल. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मगुरूंना बजावले की हास्यास्पद, असभ्य किंवा खोट्या देवांची नावे ठेवू देऊ नका. आणि नेमक्या याच काळात आपले पूर्वज ख्रिस्ती होत होते. आपली नावे ठरली ती अशा घडीला.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या २०५ वर्षांत उत्तर कोकणातील गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. नवख्रिस्ती माणसाला नाव मिळत असे संताचे आणि आडनाव बहुधा पोर्तुगीज धर्मपित्याचे. एकाच वेळी मोठ्या समुदायांना स्नानसंस्कार होत, तेव्हा नाव निवडायला कोणाला कितीशी सवड असणार? दक्षिणेत त्रावणकोरच्या किनाऱ्यावर संत फ्रान्सिस झेवियर यांनी एका महिन्यात दहा हजारांहून अधिक जणांना स्नानसंस्कार दिला. प्रत्येकाला त्याचे नवे नाव लिहून देत असे, असे त्यांनी १५४५ च्या आपल्या पत्रात नमूद केले आहे. ते लिहिलेले नाव घेऊन घरी परतणाऱ्या कोळ्याला ते वाचता येत होते का? बायकोने त्याला कोणत्या नावाने हाक मारली? इतिहासाच्या पुस्तकांत याची उत्तरे नसतात.

त्या काळाची खूण आपल्या आडनावांत गोठून राहिली आहे. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, लोपीस म्हणजे लोपोचा, घोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा. ही मध्ययुगीन पोर्तुगालमधील लाडकी नावे. फॅशन ओसरली, पोर्तुगालातही लोपो कोणी राहिला नाही, पण वसईच्या केळीच्या वाडीत लोपीस आहेतच. ज्यांचे आडनाव बापाच्या नावावरून आले नाही त्यांचीही मौज आहे. परेरा म्हणजे नासपतीचे झाड आणि मचाडो म्हणजे कुऱ्हाड.

नावे मात्र येथल्या जिभेवर येऊन मऊ झाली. पेद्रोचा पेद्रू झाला, जुझेचा जुजे, मानुएलचा मनवेल, सेबास्तियांवचा बस्त्याव. नोंदवहीत धर्मगुरू लॅटिन किंवा पोर्तुगीज रूप लिहीत, ओटीवर वेगळेच नाव ऐकू येई. पुष्कळांना तर नाव संताने नव्हे, पंचांगाने दिले. ईस्टरला जन्मला तो पास्कोल, नाताळात जन्मला तो नाताल, रविवारी तो दुमिंग. मुलींच्या वाट्याला मरियामातेचे सण आले: असुंता, कार्मेलीन, रोझारी, दोलोरोसा. दोलोरोसा म्हणजे दुःखाने भरलेली. सात दुःखांच्या मातेवर ज्या पिढीची श्रद्धा होती तिला हे नाव सुंदर वाटले. आजच्या आईला अर्थ सांगितला तर ती बाळ घेऊन उठून जाईल.

येथे एक कोडे मला नेहमी पडते. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा आपल्या मातीतला संत. जपानमध्ये व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर प्राण दिले. १६२७ मध्ये त्याला धन्य आणि १८६२ मध्ये संत घोषित करण्यात आले. महाविद्यालयाला त्याचे नाव आहे, त्याचा सण आपण थाटात साजरा करतो. परंतु मी सेवा केलेल्या धर्मग्रामांत गोन्सालो नावाचे बाळ माझ्या हातात क्वचितच आले. परक्या संतांची नावे चटकन उचलणारे आपण घरच्या संताशी इतके संकोचून का वागतो? कदाचित घोन्साल्विस आडनावाच्या शंभर घरांनी ते नाव आधीच शिळे करून टाकले असेल. याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

पुढे इंग्रज आले, आणि पेद्रूचा पीटर झाला. यात धर्माचा काही संबंध नव्हता. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे लोकल धावू लागली. गोदीत, रेल्वेत, तारखात्यात नोकऱ्या मिळू लागल्या. साहेबाच्या हजेरीपटावर जुजेपेक्षा जोसेफ बरा दिसे. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुंबई-साष्टीच्या आपल्या बांधवांनी संपूर्ण समाजालाच ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, कारण गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावे. नोकरीसाठी माणूस स्वतःचे नाव बदलतो हे समजण्यासारखे आहे; येथे सबंध समाज बदलला. असो.

विसाव्या शतकात नावांच्या लाटा येऊ लागल्या त्या नव्या संतांबरोबर. लिझ्यूच्या संत तेरेझाला १९२५ मध्ये संतपद मिळाले, लूर्दच्या बर्नडेटला १९३३ मध्ये, मारिया गोरेटीला १९५० मध्ये. मासिकांतून, चित्रांतून, मिशनरी सिस्टरांच्या शाळांतून त्यांच्या कथा घरोघर पोचल्या, आणि काही वर्षांतच वर्गावर्गांत त्रेझा, बर्नडेट आणि गोरेटी दिसू लागल्या. १९१७ च्या दर्शनानंतर फातिमा आली. हे मूळचे अरबी नाव, मुसलमानांच्या प्रेषिताच्या कन्येचे. ते पोर्तुगालमधील एका खेड्याला मिळाले, आणि त्या खेड्यावरून आपल्या मुलींना. आपल्या मोहल्ल्यातील फातिमा आणि चर्चजवळची फातिमा एकाच बसने शाळेत जात, हे दृश्य मी लहानपणी रोज पाहिले आहे.

परंतु या सर्व नावांत एका नावाची कहाणी मला फार जवळची आहे. माझ्या आत्याचे नाव फिलोमिना.

२४ मे १८०२ रोजी रोममधील प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत एक कबर सापडली. तिचे तोंड तीन कौलांनी बंद केलेले होते. त्यांवर नांगर, बाण, खजुराची डहाळी अशी चिन्हे आणि काही अक्षरे रंगवलेली होती. अक्षरांचा क्रम विचित्र होता: ‘लुमेना’, ‘पाक्सते’, ‘कुमफि’. पहिले कौल शेवटी ठेवले की वाक्य जुळते, ‘पाक्स तेकुम फिलुमेना’, म्हणजे ‘फिलुमेना, तुला शांती असो’. आत एका लहान मुलीच्या अस्थी होत्या. १८०५ मध्ये त्या नेपल्सजवळच्या मुन्यानो गावी नेण्यात आल्या, आणि तेथून भक्तीचा असा पूर उसळला की युरोप व्यापून गेला. आर्स गावचे संत जॉन व्हियान्नी आपल्या हातून घडलेल्या चमत्कारांचे श्रेय या ‘छोट्या संते’ला देत. १८३७ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी तिच्या सणाला मर्यादित मान्यता दिली. मिशनऱ्यांबरोबर ते नाव आपल्याकडे आले, आणि गोवा, वसई, मंगळूर, केरळ, सगळीकडे फिलोमिना जन्मू लागल्या.

पुढे अभ्यासकांना शंका येऊ लागल्या. कौले उलटसुलट लागली याचा अर्थ ती आधीच्या कुठल्यातरी कबरीची असून नंतर पुन्हा वापरली गेली असावीत, असे ओरात्सिओ मारुक्की या पुरातत्त्वज्ञांचे मत पडले. म्हणजे नाव एकीचे आणि अस्थी दुसरीच्या. तिच्या जीवनाविषयी एकही जुना लेख नव्हता. १४ फेब्रुवारी १९६१ रोजी रोमहून आदेश निघाला आणि फिलोमिनाचा सण सर्व पंचांगांतून काढला गेला.

आत्या त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांची होती. ११ ऑगस्ट हा तिच्या नावाचा सण. त्या दिवशी आजी तिच्यासाठी गोड करीत असे, गावातल्या सगळ्या फिलोमिना मिस्सेला पहिल्या बाकावर बसत. त्या वर्षीपासून सारे थांबले. कोणी मुद्दाम दुखावले असे नाही, पण विहिरीवर थट्टा झालीच: “तुमची संत तर नव्हतीच म्हणे!” आत्याने पलंगाजवळचे चित्र काढले. ते तिने फाडले नाही, ट्रंकेत लुगड्याखाली ठेवले. लग्नानंतर ती ट्रंक तिच्याबरोबर गेली.

हे मला कळले ते मी सेमिनरीत शिकत असताना. सुट्टीत गेलो तेव्हा तिने दार लावून घेतले आणि विचारले, “तू आता शिकलास. मला खरं सांग, माझं नाव खोटं आहे का?” मी नुकताच ख्रिस्तसभेचा इतिहास वाचला होता. मोठ्या हुशारीने मी तिला कौले, अक्षरे, मारुक्कींचे मत असे सगळे समजावले. सण काढला म्हणजे नावावर बंदी आली असे नव्हे, हेही सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “पण त्या कबरीत कोण होतं?” मी म्हणालो, “एक मुलगी. बारा-चौदा वर्षांची असावी.” “मग ती तर खरी होती ना?” आत्या म्हणाली. “तिच्या आईनं तिला काहीतरी हाक मारलीच असेल.” यावर माझ्या वह्यांत उत्तर नव्हते. आत्या गेली तेव्हा तिच्या शवपेटीत घरच्यांनी ते चित्र ठेवले. क्रुसाच्या शिळेवर मी फिलोमिना हे पूर्ण नाव कोरायला लावले. घरच्यांच्या मनात नुसते ‘फिलू’ होते.

याच सुमारास दुसरे वारे वाहू लागले होते. दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली, उपासना मराठीतून होऊ लागली, आणि आपल्या घरांत सुनील, संजय, अनिता, संगीता आल्या. याचे सगळे श्रेय विश्वपरिषदेला देऊ नये. त्याच वर्षांत आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरांतूनही दगडू, धोंडू, रखमा आणि भागीरथी निघून जात होत्या आणि त्यांच्या जागी हीच सुनील-अनिता येत होती. एकाच मराठी शाळेत, एकाच बाकावर बसणारी ती मुले. मास्तरांनी हजेरी घेताना कोणाचे नाव परके वाटू नये, असे आईबापांना वाटले तर त्यात नवल नाही.

शिवाय हा विचार आपल्याकडे अगदी नवा नव्हता. तमिळ ख्रिस्ती बांधवांनी संतांच्या नावांचे अर्थ शोधून ती आपल्या भाषेत आणली. पौल म्हणजे लहान, म्हणून सिन्नप्पन. योहानात देवाची कृपा आहे, म्हणून अरुळप्पन. स्तेफन म्हणजे मुकुट, म्हणून मुडियप्पन. बंगालमध्ये भवानीचरण बंद्योपाध्याय १८९१ मध्ये ख्रिस्ती झाले; त्यांनी थियोफिलस म्हणजे देवाचा मित्र हे नाव घेतले आणि त्याचे भाषांतर केले, ब्रह्मबांधव. महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट बांधवांची वाट याहून सरळ होती. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि विष्णूची दोन्ही नावे तशीच मिरवत ख्रिस्ताची गीते लिहीत राहिले. लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना मेरी रमा हे नाव मिळाले, पण महाराष्ट्राने त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखले.

कायदाही सैल झाला. १९१७ च्या धर्मविधानाप्रमाणे आईबापांनी ख्रिस्ती नाव दिले नाही तर धर्मगुरूने स्वतःहून एका संताचे नाव जोडायचे आणि दोन्ही वहीत लिहायची, असा नियम होता. १९८३ च्या धर्मविधानातील ८५५ वे कलम एवढेच म्हणते की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव देऊ नये, आणि याची काळजी आईबाप, धर्ममाता-पिता व धर्मगुरू या सर्वांनी घ्यावी.

हे कलम मला तोंडपाठ होते, आणि तरीही मी चुकलो. १९९९ सालची गोष्ट. गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ मुलाचे नाव घेऊन आले: इंद्रजित. मी म्हणालो, हे देवाचे नाव, चालणार नाही. त्यांनी नम्रपणे सांगून पाहिले, “फादर, त्याचा अर्थ इंद्राला जिंकणारा.” मी ऐकले नाही. नोव्हेंबर महिना होता, ११ तारखेला तूरच्या संत मार्टिनचा सण. मी तेच नाव सुचवले. “तुम्ही म्हणता तर लिहा, फादर,” ते म्हणाले. मी लिहिले. मार्टिन म्हणजे मार्सचा, रोमन युद्धदेवाचा. इंद्राला जिंकणाऱ्याला दार बंद करून मी तेथे मंगळाला आणून बसवले होते. हे माझ्या ध्यानात आले ते कित्येक वर्षांनी.

२०२४ मध्ये एक तरुण लग्नाच्या कागदपत्रांसाठी माझ्याकडे आला. फिरत फिरत मी पुन्हा त्याच धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू म्हणून आलो होतो. शाळेचा दाखला, आधार, पारपत्र, सगळीकडे इंद्रजित. जन्मतारीख जुळत होती, आईबापांची नावे जुळत होती. मी वही त्याच्यासमोर फिरवली. “फादर, हा मार्टिन कोण?” त्याने विचारले. अक्षर माझेच होते. बिशप कार्यालयाची अनुमती घेऊन समासात टीप लिहिली आणि त्याचे काम झाले. वडिलांना भेटायला येतो, असे मी म्हणालो, तर ते चार वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांनी मुलाला त्या दिवसाबद्दल कधी काही सांगितलेच नव्हते. घरी मात्र त्यांनी त्याला एकदाही मार्टिन म्हटले नाही.

आता पुन्हा साक्रिस्तीतल्या त्या सुनेकडे येतो. जुन्या काळी बाळाला जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर, बहुधा काही दिवसांतच चर्चमध्ये आणत. बाळंतीण घरीच असे. बाळ आजीच्या किंवा धर्ममातेच्या हातात, उत्तरे द्यायला धर्मपिता, लिहायला धर्मगुरू. ज्या बाईने नऊ महिने वाहिले तिला नावाच्या वेळी तोंड उघडायला जागाच नव्हती. पास्कोल, दुमिंग, त्रेझा, फिलोमिना, ही सारी नावे तिच्या पाठीमागे ठरली. १९६९ मध्ये बालकांच्या स्नानसंस्काराचा नवा विधी आला, आणि त्यात धर्मगुरूचा पहिलाच प्रश्न आईबापांना असतो: तुम्ही आपल्या बाळाला कोणते नाव देता? शिवाय सरकारी जन्मदाखला आता आधी होतो, चर्चची वही नंतर. आज नावे झपाट्याने बदलतात याचे खापर आपण दूरदर्शनवर आणि मोबाइलवर फोडतो. त्यात तथ्य आहेच. पण मला वाटते, त्याहून मोठा बदल हा की आता आई तेथे उभी असते.

आणि ती निवडते ती नावे आपल्याला वाटतात तितकी परकीही नसतात. मागे एका जोडप्याने एडन नाव आणले. आजोबा नाराज होते. लिंडिसफार्नचा बिशप एडन ६५१ मध्ये वारला आणि तो संत आहे, हे मी सांगितल्यावर आईबापच माझ्याकडे आश्चर्याने पाहू लागले. त्यांनी ते नाव इंटरनेटवरील यादीतून घेतले होते. ईथन तर स्तोत्रसंहितेतच आहे, ८९ व्या स्तोत्राच्या शिरोभागी. ७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लो आकुतिस संत झाले. आता काही वर्षे कार्लो नावाची बाळे येत राहतील असा माझा कयास आहे.

तर त्या दिवशी मी आजींना खुर्चीवर बसवले आणि विचारले, “आजी, तुमच्या आईची संत क्लारा कुठली?” “असिसीची,” त्या म्हणाल्या. “असिसीचे लोक तिला काय म्हणत असतील?” त्यांना ठाऊक नव्हते. क्लारा हे लॅटिन रूप, अर्थ उजळ. असिसीच्या रस्त्यावर, इटालियन भाषेत, तिच्या आईने तिला हाक मारली असेल ती ‘कियारा’ अशीच. सुनेने प्रथमच मान वर केली. तिलाही हे माहीत नव्हते. तिने ते नाव खरोखरच सिनेमावरून घेतले होते, आणि तसे तिने प्रामाणिकपणे सांगितलेही. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी बाळाला सुनेच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतले आणि विचारले, “मग हिच्या नावाचा सण कधी येईल, फादर?”

संत क्लाराचा सण पूर्वी १२ ऑगस्टला असे. १९६९ च्या नव्या पंचांगाने तो तिच्या मृत्युदिनी आणला. “११ ऑगस्ट,” मी म्हणालो, आणि वहीत नाव लिहायला घेतले.